येर्नेयचं डावं पाऊल

१९७२ साली संत मार्टिनचा, म्हणजे नव्या वाइनचा, सण शनिवारी आला. एरवी तो आठवड्याच्या मधेच कुठेतरी पडायचा आणि मग कारखान्यातून सुट्टी नाही, बस चुकली, घसा धरलाय, अशी कारणं निघायची. त्या वर्षी कुणाकडे कारण उरलं नव्हतं. असतं तरी ते कुणी पुढे केलं नसतं. त्या दिवशी म्हातारा येर्नेय हुडोक्लिन हा टेकडीवरच्या वाइनच्या कोठारापर्यंत स्वतःच्या पायांनी चढणार होता, किंवा चढू शकणार नव्हता, आणि द्राक्षांचा मळा राहणार की जाणार ते त्यावर ठरणार होतं.

शब्द त्याने स्वतःच दिला होता. एप्रिलमध्ये झटका येऊन त्याची डावी बाजू गेली, तेव्हा नोवो मेस्तोच्या इस्पितळात उशाशी बसून त्याच्या मुलाने, स्लावकोने, हळूच विषय काढला होता, की बाबा, आता मळ्याचं कोण बघणार? टेकडीच्या माथ्यावर वेली काढल्या तर एक घर छान बसेल. येर्नेय छताकडे बघत म्हणाला, "मार्टिनच्या दिवशी मी माझ्या पायांनी वर गेलो नाही आणि पिंप उघडलं नाही, तर उपट वेली. बांध घर." त्याचं तोंड तेव्हा एका बाजूला ओघळलेलं होतं, पण शब्द सरळ होते. त्याची थोरली बहीण तोन्चका तिथेच सफरचंद सोलत बसली होती. तिने सुरी खाली ठेवली, बापलेकांचे हात एकमेकांत दिले आणि वर आपला हात ठेवला. म्हणजे संपलंच.

आता नोव्हेंबर उजाडला होता. हंस भट्टीत गेला होता आणि मिलेना लाल कोबी चिरत होती.

मिलेना स्लावकोची बायको. ती नोवो मेस्तोतल्या कपड्यांच्या गिरणीत कापड बेतण्याच्या टेबलावर काम करायची, आणि अकरा वर्षं दीड खोलीच्या घरात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत होती. माथ्यावरच्या घराचा नकाशा स्लावकोने चौकटीच्या कागदावर काढला होता. स्वयंपाकघर पूर्वेला. चूल कुठे ठेवायची ते मिलेनाने पेन्सिलीने दाखवलं होतं. त्या सकाळी कोबी चिरताना सासरे चढावेत असं तिला वाटत होतं की चढू नयेत असं, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

तेवढ्यात न्हाणीघरातून सासूची किंकाळी आली.

"मिलेना! धाव गं! गेली!"

मिलेना सुरी हातात घेऊनच धावली. टबात येर्नेय बसला होता, उकडलेल्या खेकड्यासारखा लालबुंद. शेजारी रेझ्का, त्याची बायको, बाह्या सरसावून, हातात फरशीचा ब्रश.

"काय गेली?"

"फुली! फुली गेली!"

मिलेनाने वाकून बघितलं. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे सगळा उन्हाळाभर एक निळी फुली होती, तिथे आता नुसतं गुलाबी, चकचकीत कातडं होतं.

येर्नेय उन्हाळाभर लुब्लियानाला होता, पुनर्वसनाच्या संस्थेत. झटक्यानंतर त्याचं डावं पाऊल वर उचललंच जात नव्हतं. चालायला गेला की ते ओल्या फडक्यासारखं खाली लोंबायचं आणि बोटं जमिनीला अडकून तो तोंडावर यायचा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एक डबी दिली, सिगारेटच्या पाकिटाएवढी, पट्ट्याला अडकवायची. तिच्यातून वायर निघून पॅंटच्या आतून गुडघ्यापर्यंत जायची, तिथे रबरी पट्टीखाली दोन ओले स्पंज. दुसरी वायर बुटात, टाचेखालच्या बटणाला. टाच उचलली की बटण सुटायचं, स्पंजातून करंट जायचा, नस जागी व्हायची आणि पाऊल वर यायचं. टाच टेकली की करंट बंद. एवढंच. पण नस सापडायला डॉक्टरीणबाईंना अर्धी दुपार लागली होती. सापडल्यावर त्यांनी पुसणार नाही अशा पेन्सिलीने फुली मारली आणि रेझ्काला बजावलं, "हिला जपा. बोटभर इकडे-तिकडे झालं तरी पाऊल भलतीकडे जाईल."

"आणि मी जपली गं!" रेझ्का ब्रश छातीशी धरून म्हणाली. "इतके महिने जपली. तिथे नुसतं फडकं टेकवायचे. दर तिसऱ्या दिवशी गिरवायचे. पण आज मार्टिन! पिंपापाशी काय कळकट जायचं? म्हटलं, घासून काढावं एकदा."

"घासून?" येर्नेय म्हणाला. "सोललंस मला. डुक्कर कापतो तेव्हासुद्धा त्याला इतकं घासत नाही आपण."

"डुक्कर गप्प बसतं."

"ते मेलेलं असतं, रेझ्का!"

आणि दोघंही हसायला लागली. रेझ्का रडत होती आणि हसत होती, ब्रशाने डोळे पुसत होती. साबण डोळ्यांत गेला तशी आणखी ओरडली. मिलेनाला हसू आवरेना. हातातली सुरी कुठे ठेवावी हेही तिला सुचेना.

*

विदा अकराच्या बसने आली. ही स्लावकोची धाकटी बहीण, लुब्लियानाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला, लग्न न केलेली आणि त्याबद्दल विचारलेलं न आवडणारी. फुलीची बातमी तिने कोट न काढता ऐकली.

"हात्तिच्या," ती म्हणाली. "मी दिवसभर अर्ध्या शहराच्या वायरी जोडते. बाबांची एक जोडता येणार नाही होय?"

येर्नेयला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, पॅंट गुडघ्याच्या वर गुंडाळली, स्पंज मिठाच्या पाण्यात बुडवले. विदाने अंदाजाने पट्टी बांधली आणि डबीवरची चकती फिरवली.

"टाच उचला बाबा."

येर्नेयने मांडीने जोर लावून टाच उचलली. पाऊल उठलं ते थेट उजवीकडे वळलं, पाहुण्याला दार दाखवावं तसं.

"थोडं मागे घे," रेझ्का म्हणाली.

मागे घेतलं. पाऊल आता बाहेर वळलं.

"खाली."

खाली घेतलं. पाऊल जागचं हललं नाही, नुसता अंगठा उभा राहिला, एकटाच, ताठ.

"बघा, त्याला काहीतरी विचारायचंय," दारातून आवाज आला. तोन्चका आत्या आली होती, बहात्तर वर्षांची, तीन कोट एकावर एक घातलेली, आणि डोक्यावर सोनेरी कागदाची बिशपची उंच टोपी. मार्टिनच्या दिवशी नव्या रसाला आशीर्वाद देणारा खोटा बिशप लागतो, तोपर्यंत रस हा रसच, त्याला वाइन म्हणायचं नाही. हुडोक्लिनांकडे हे काम तोन्चकाचा नवरा करायचा. तो गेल्यावर तिने कुणाला विचारलं नाही, टोपीच उचलली. एका हातात तिच्या स्वतःच्या पिंपातल्या रसाचा मातीचा जग होता. तो बिशपने आपल्या घरून आणायचा असतो.

"आत्या, टिंगल नको," विदा म्हणाली. "अंगठा आला म्हणजे जवळ आलोय."

"अंगठ्यावर टेकडी चढणार का तो?"

"ताई, तू गप्प," येर्नेय म्हणाला. "डोक्यावर केवढं आहे तुझ्या, तोल जाईल."

तासभर हेच चाललं. प्रत्येकाला जागा माहीत होती. रेझ्काच्या मते ती जागा तीळ होता त्याच्या खाली होती. तोन्चकाच्या मते ती दुसऱ्याच पायाला होती. येर्नेय म्हणत होता मला मुंग्या कुठे यायच्या ते माहीत आहे, आणि दर वेळी वेगळं बोट ठेवत होता. पाऊल नाचत होतं, वळत होतं, थरथरत होतं आणि सगळे हसून हसून भिंतीला टेकले होते.

स्लावको मात्र दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभा होता. सगळ्यात कमी तोच हसत होता, आणि ते त्यालाही कळत होतं.

"साडेबारा," तो म्हणाला. "चारला अंधारतं. मी आपला सांगतोय."

मिलेनाने हात पुसले. का पुसले ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. कदाचित तासभर कुणी चुकीच्या जागी टाचणी लावत असलेलं तिला बघवलं नसेल.

"सरका," ती म्हणाली.

ती सासऱ्यांसमोर गुडघ्यांवर बसली. गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा होता. त्याच्या मागून तिने अंगठा हळूहळू पुढे आणला, कापडाखालची शिवण चाचपतात तसा. तिथे कातडीखाली काहीतरी बारीक, दोरीसारखं, बोटाखाली इकडून तिकडे सरकलं. येर्नेयने खाली बघितलं.

"इथे?"

"इथे," तो म्हणाला. आवाजात हसू नव्हतं.

तिने स्पंज तिथे ठेवला, दुसरा जरा पुढे, पट्टी आवळली. विदाने चकती फिरवली. येर्नेयने टाच उचलली.

पाऊल सरळ वर आलं. शांतपणे, कुठेही न वळता. जसं काही ते कधी खाली पडलंच नव्हतं.

मग जो आरडाओरडा झाला त्यात तोन्चकाची टोपी पडली, रेझ्काने मिलेनाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि हंस जरासा करपला.

*

कोठीच्या खोलीत स्लावकोने तिला गाठलं.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी कोबी चिरत होते. हाक आली, गेले."

"तुला बोलावलं नव्हतं. तू स्वतःहून 'सरका' म्हणालीस."

मिलेना बरण्या सरळ करत राहिली.

"अकरा वर्षं, मिलेना. चौथा मजला."

"कितवा मजला ते मला नको सांगूस. पिशव्या मी चढवते."

"मग?"

"मग काय? ते काही अजून चढले नाहीयेत."

हे बोलल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने एक बरणी उगाच पुसली. स्लावकोने तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती आणि ती हवी असल्याचं दोघांनाही बरं वाटत नव्हतं. एवढ्याशा खोलीत अशा दोन माणसांनी उभं राहणं सोपं नसतं.

निघायच्या आधी सगळ्यांनी सूप घेतलं. बसताना डबी बंद करायची असते, पण येर्नेय विसरला, किंवा विसरला नाही. टेबलाखाली त्याची टाच जरा उचलली की पाऊल उडायचं, आणि समोर स्लावकोच बसला होता.

"आई गं! बाबा!"

"मी नाही. डबी."

"डबी माझ्याच नडगीवर मारते?"

"डबीला माणसं ओळखू येतात," तोन्चका म्हणाली.

स्लावको तरीही हसला नाही. त्याने चमचा ठेवला. "बरं झालं विषय निघाला. मला एक सांगा. तुम्ही शब्द दिला होता, 'माझ्या पायांनी'. हे तुमचे पाय आहेत का? टाच तुम्ही उचलता, पण पाऊल उचलतो तो करंट. बॅटरी काढली की पाऊल खाली. म्हणजे वर जाणार कोण? तुम्ही की बॅटरी?"

प्रश्न वाईट नव्हता.

येर्नेयने पाव सुपात बुडवला, खाल्ला, आणि मग म्हणाला, "तुला चष्मा आहे."

"आहे."

"काल वर्तमानपत्र कुणी वाचलं? तू की चष्म्याने?"

"ते वेगळं!"

"अरे, माझी नस माझी आहे. पाय माझा आहे. तिला नुसतं उठवावं लागतं. इथे आलास की रविवारी तुला आई उठवते तसं. उठवल्यावर जेवतोस तू का ती?"

विदा सुपात ठसकली. रेझ्का तिची पाठ थोपटायला उठली.

"निवाडा वर होईल," तोन्चका आत्या टोपी सरळ करत म्हणाली. "पिंपापाशी. मी बिशप आहे आणि एप्रिलमध्ये हातावर हात मी ठेवला होता. पण एक अट. चढताना त्याला कुणी हात लावायचा नाही. बोटही नाही. हात लागला तर मळा स्लावकोचा. कबूल?"

"कबूल," स्लावको म्हणाला.

"कबूल," येर्नेय म्हणाला आणि पाऊल परत उडालं.

*

टेकडीवर रस्ता नाही. वेलींच्या दोन रांगांमधून पायवाट जाते, आणि त्या आठवड्यात पाऊस झाल्यामुळे ती चिखलाची झाली होती. स्लावकोची छोटी फिचो गाडी खाली आवारातच राहिली. पुढे तोन्चका, पांढरी चादर पांघरून, टोपी घालून, जग पोटाशी धरून. मग येर्नेय, उजव्या हातात काठी, गळ्यात कोठाराची किल्ली. त्याच्या शेजारी विदा, डबीवर लक्ष ठेवून. मग रेझ्का आणि मिलेना. स्लावको वेलींच्या आड कुठेतरी मागेपुढे होत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पहिली शंभर पावलं अशी गेली की बघत राहावं. टाच, पाऊल वर. टेक. टाच, पाऊल वर. टेक. येर्नेय मोजत होता. पन्नास झाल्यावर त्याने मोजणं सोडलं आणि तोन्चकाला चिडवायला घेतलं.

"ताई, जरा लवकर. बिशपच्या मागे माझा जन्म जातोय."

"मला डबी नाहीये रे बाबा. माझे दोन्ही पाय माझेच आहेत, म्हणून हळू चालतात."

शेजारच्या मळ्यातून कुणीतरी हात हलवला. टेकड्यांवर सगळीकडे धूर होता, सगळीकडे कुणाचा तरी हंस भाजत होता, आणि कुठून तरी अकॉर्डियन येत होतं. येर्नेयचं पाऊल त्या तालात पडायला लागलं. रेझ्काने मिलेनाचा दंड धरला होता, इतका घट्ट, की नंतर तिथे निळं पडलं.

निम्म्यावर, जुन्या अक्रोडापाशी, पाऊल कमी उठलं.

पुढच्या वेळी आणखी कमी. बूट चिखलाला घासला.

"विदा," येर्नेय म्हणाला.

"बघते." तिने चकती फिरवली. पाऊल जरा उठलं. दोन पावलांनी परत तेच. तिने आणखी फिरवली. पाऊल नुसतं थरथरलं. टोक चिखलात रुतलं आणि येर्नेय पुढे झुकला. रेझ्का ओरडली. त्याने कसाबसा वेलीचा खांब पकडला आणि उभा राहिला, धापा टाकत.

"कुणी हात लावू नका!" तो ओरडला. "खबरदार!"

"बॅटरी गेली," विदा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "नवी होती. आजच घातली. बॅटरी गेली, बाबा."

मिलेनाला कळलं होतं की बॅटरी गेलेली नाही.

मागून तिची नजर त्याच्या गुडघ्यावर होती. पॅंटच्या गुडघ्यापाशी मघाशी एक ओला डाग होता, मिठाच्या पाण्याचा, तो आता नव्हता. फुली शोधण्यात तास गेला, मग सूप, मग हा वारा. स्पंज वाळले होते, करंट जाणार कसा? कोरड्या कापडावर इस्त्री काही करत नाही, ते ओलं करावं लागतं, हे तिला रोजच्या कामातून माहीत होतं. आणि टेकडीवर पाणी नव्हतं. हुडोक्लिन कधी वर पाणी नेत नाहीत, पिंपाकडे जाताना पाणी कशाला? पाण्यासाठी खाली गेलं आणि परत आलं तर येर्नेय त्या खांबाला धरून तेवढा वेळ उभा राहिला नसता.

हे फक्त तिला कळलं होतं. विदा डबी उघडून बॅटरी चोळत होती. रेझ्का प्रार्थना पुटपुटत होती. तिथून माथा स्पष्ट दिसत होता, कोठाराच्या डावीकडची सपाट जागा, सकाळचं ऊन पहिल्यांदा जिथे येईल ती. मिलेनाने फक्त गप्प राहायचं होतं. काही करायचं नव्हतं. गप्प राहिल्याबद्दल तिला कुणी कधी काही बोललं नसतं, कारण कुणाला कळलंच नसतं.

तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली, एक, दोन, आणि का मोजतेय हे तिला ठाऊक नव्हतं. येर्नेय खांबाला धरून उभा होता. तो कुणाकडेच बघत नव्हता. तो आपल्या पावलाकडे बघत होता आणि त्याला अगदी हळू आवाजात, घोड्याला समजवावं तसं म्हणत होता, "चल. चल रे. थोडंच आहे."

दहा झाले.

"स्पंज वाळलेत," मिलेना म्हणाली. "आत्या, तो जग द्या इकडे."

तोन्चकाने जग चादरीत लपवला. "हा रस आहे! आशीर्वाद झाला नाही अजून! मार्टिनच्या दिवशी आशीर्वादाआधी थेंब सांडायचा नसतो, वर्षभर पिंप नासतात!"

"मग द्या ना आशीर्वाद!"

"इथे? चिखलात?"

"ताई," येर्नेय खांबाला धरून म्हणाला, "तू बिशप आहेस की पुतळा?"

आणि तोन्चका आत्याने अक्रोडाखाली, चिखलात, टोपी एका हाताने धरून, आयुष्यातला सगळ्यात घाईचा आशीर्वाद दिला. "काल तू रस होतास आज तू वाइन पोटाला शांती डोक्याला गोडी पायाला बळ जा बाई ओत!"

मिलेना गुडघ्यांवर बसली. त्याला बोटही लागू न देता पॅंट वर केली, पट्टी जराही न हलवता स्पंजांवर जग कलंडवला. आंबट, लाल, थंडगार वाइन येर्नेयच्या पोटरीवरून बुटात गेली.

"अगं थंड!" येर्नेय ओरडला आणि त्याने टाच उचलली.

विदाने चकती शेवटापर्यंत फिरवून ठेवली होती. ते कुणाच्याच लक्षात नव्हतं.

पाऊल वर गेलं ते असं, की बुटाला लागलेला चिखल उडून थेट बिशपच्या टोपीवर बसला. येर्नेय टाच टेकतो न टेकतो तोच पुढची टाच उचलायची वेळ, आणि पाऊल परत तसंच उडालं, एखाद्या परेडमधल्या शिपायासारखं. तो निघालाच. एक पाय माणसाचा, एक जनरलचा.

"चकती कमी करते, थांबा!" विदा मागे धावत ओरडली.

"नको!" तो हसत होता, इतका, की काठीही धड टेकता येईना. "राहू दे! राहू दे गं! हे बघ रेझ्का! हे बघ!"

तोन्चका बाजूला झाली आणि तो तिच्या पुढे गेला. चिखल डावीकडे उडत होता, उजवीकडे उडत होता. रेझ्का झगा वर धरून पळत होती, वाइनचा वास सगळीकडे होता, मिलेना हातात रिकामा जग घेऊन हसत चालत होती. साठ पावलं. चाळीस. कोठाराचं दार. येर्नेयने दाराला पाठ टेकली आणि विदाने डबी बंद केली तेव्हा कुठे ते पाऊल शांत झालं.

सगळे धापा टाकत उभे राहिले. अंगावर चिखल नाही असं कुणी नव्हतं.

तोन्चकाने टोपी काढून झटकली आणि परत घातली. "निवाडा," ती म्हणाली. "अक्रोडापाशी तो पडता पडता वाचला. मी जग सांभाळत होते, मी काही बघितलं नाही. विदा डबीत तोंड घालून होती. रेझ्काने डोळे मिटले होते. तिथे कुणी त्याला हात लावला का?"

तिने एकेकाकडे पाहिलं.

"मिलेना?"

"मी गुडघ्याकडे बघत होते, आत्या. मला दिसलं नाही."

"मी होतो मागे," स्लावको म्हणाला.

सगळे वळले. तो पायवाटेच्या कडेला उभा होता, कोपरापर्यंत चिखलाने माखलेला. तेव्हा मिलेनाला कळलं की तो खालपासून वरपर्यंत वेलींच्या आडून बापाच्या पाठीमागे हात पसरून चालत होता, वीतभर अंतरावर, प्रत्येक पावलाला.

एक शब्द खोटा बोलला असता तर माथा त्याचा होता. त्याला हे कळत होतं. मिलेनाला कळत होतं. तोन्चकाला तर कळतच होतं, म्हणून तर ती त्याच्याकडे अशी रोखून बघत होती.

"मी हात लावला नाही," स्लावको म्हणाला. "लावणार होतो. पण त्यांनी स्वतःच तोल सावरला. स्वतःच."

मग तो म्हणाला, "ते त्यांच्याच पायांनी आले."

येर्नेयने गळ्यातली किल्ली काढली. पण उजव्या हातात काठी होती आणि डाव्या हाताने ती फिरेना. त्याने ती स्लावकोकडे धरली.

"अट पायांनी चालण्याची होती," तो म्हणाला. "कुलुपाची नव्हती. उघड."

*

येर्नेयने त्यानंतर आणखी सात मार्टिन पिंप उघडलं. डबी दोनदा बदलली, दुसरी पहिल्यापेक्षा लहान होती आणि त्याला ती आवडली नाही. १९८० च्या फेब्रुवारीत तो दुपारच्या झोपेतून उठला नाही. तोन्चका आत्या त्याच्या आधी, ७६ मध्ये गेली. अक्रोडाखालच्या आशीर्वादामुळे त्या वर्षीची वाइन आंबट निघाली असं ती शेवटपर्यंत म्हणायची. ती वाइन दरवर्षीच आंबट असते. रेझ्का एक्याण्णव वर्षं जगली आणि नातवंडांना, पतवंडांना सापडेल त्या ब्रशाने घासत राहिली. विदाने डबी दुरुस्त करणाऱ्या, क्रान्य गावच्या एका विधुराशी बेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं, का ते विचारलेलं तिला अजूनही आवडत नाही. बिशपची टोपी तिच्याकडे आहे.

मळा स्लावकोकडे आला. वाइन करणं त्याला बापासारखं कधी जमलं नाही, पण वेल त्याने एकही काढली नाही. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही. कुणी विषय काढला की तळघरात काहीतरी बघायला जायचा.

घर झालं नाही. मिलेना त्या चौथ्या मजल्यावर आणखी एकतीस वर्षं राहिली. फार उशिरा, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, एका मार्टिनला अक्रोड फोडताना विदाने तिला विचारलं, "खरं सांग वहिनी. तुला आधीच कळलं होतं ना, स्पंज वाळलेत ते?"

"कळलं होतं."

"मग लगेच का नाही बोललीस?"

"दहा आकडे मोजले," मिलेना म्हणाली. "तेवढं मला हवं होतं ते घर."

विदाने अक्रोडाची टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "आणि पश्चात्ताप?"

"झाला की. दर हिवाळ्यात झाला." मिलेनाने एक अक्रोड फोडला, गर निवडला, तोंडात टाकला. "पण तो म्हातारा कसा चालला गं शेवटची साठ पावलं!"

आणि तिने बसल्या बसल्या डावं पाऊल उडवून दाखवलं, इतकं जोरात, की चप्पल समोरच्या भिंतीवर गेली.